मूळ अर्थाची टीप

"शब्दाला एकट्याला पाठवू नये रे. त्याचं गाव सांगून पाठवावं, आईबापाचं नाव सांगून पाठवावं. नाहीतर परक्या दारात उभा राहतो बिचारा, आणि कुणी ओळख देत नाही."

हा बाईंचा आवाज. पस्तीस वर्षांपूर्वीचा. खडूची भुकटी बसून जरा खरखरीत झालेला, पण आतून ओला. सातवीचा वर्ग, कडेला खिडकी, खिडकीत ऊन, आणि फळ्यावर एकच इंग्रजी शब्द.

"आता हा बघा. डेस्पॉट. आज कसा दिसतो? दातओठ खातो, माणसं तुडवतो, कुणाला जुमानत नाही. पण जन्मला तेव्हा असा नव्हता हो. लांबच्या एका जुन्या भाषेत घराच्या धन्याला असं म्हणायचे. घरात बायको, पोरंबाळं, गुलाम. धनी म्हणेल ती पूर्व दिशा." बाईंनी फळ्यावर घर काढलं. दोन भिंती, उतरतं छप्पर, उघडं दार. "मग एक दिवस धनी उंबरा ओलांडून बाहेर आला. रस्त्यावरच्या मोकळ्या माणसांना म्हणाला, तुम्हीसुद्धा माझ्याच घरातले. लोकांना आधी बरं वाटलं. कुणीतरी आपलं म्हणतंय. घरातले म्हणजे कुणासारखे, ते मागाहून कळलं. पोरांसारखे नव्हे, गुलामांसारखे. तेव्हापासून तो शब्द नासला."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, मग माझे बाबा पण डेस्पॉट?"

वर्ग खोखो हसला. बाई हसल्या नाहीत. "घरी जाऊन त्यांनाच विचारू नकोस म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या बाकावरच्या मुलाने सगळं लिहून घेतलं, घरासकट. बाई त्याला टिपकागद म्हणायच्या. फळ्यावरचं, तोंडातलं, हवेतलं, जे ओलं दिसेल ते टिपून घ्यायचा.

तो टिपकागद आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि न्यायालयाच्या भाषांतर शाखेत शपथबद्ध भाषांतरकार होता. दुसरा मजला, खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. टेबलावर दोन जाड कोश, एक दौत, एक गोल शिक्का. परक्या भाषेतला कागद खटल्यात आला, की तो इथे यायचा आणि आपल्या भाषेत होऊन परत जायचा. खाली ठरलेली ओळ: हे भाषांतर शब्दशः व खरे आहे. त्याखाली सही.

या कामाची एक रीत होती. कागद यायचा तो नावं पुसून. आरोपी, साक्षीदार, गाव, शाळा, सगळ्यांवर काळ्या शाईची पट्टी. भाषांतरकाराला कुणाची माया नको, कुणाचा राग नको. शाखेचे हेडक्लार्क या पट्ट्या स्वतः ओढायचे, फूटपट्टी लावून, जीभ दाताखाली धरून. सगळे त्यांना काजळराव म्हणायचे.

"काय काजळराव, आज किती जणांचं तोंड काळं केलं?"

"तुमचं राहिलंय," ते मान वर न करता म्हणायचे. "बसा, शाई ओली आहे."

दुसरी रीत अशी, की भाषांतरात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. कानामात्रासुद्धा नाही. इतक्या वर्षांत त्याने ही रीत कधी मोडली नव्हती. तसं त्याला वाटत होतं.

महिन्याभरापूर्वी एक वही आली. शाळकरी मुलीची, इंग्रजी शब्दांची. शिकवणीतली असावी. पानापानावर शब्द, समोर कोशातून उतरवलेला इंग्रजी अर्थ. चौदाव्या पानावर लाल पेन्सिलीची खूण होती. तिथे शब्द होता डेस्पॉट. समोर अर्थ: सत्ता अन्यायाने वापरणारा. आणि समासात एक चित्र. दोन भिंती, उतरतं छप्पर, उघडं दार.

त्याने भाषांतर केलं. अर्थ लिहिला. मग हात थांबला नाही. हाताला जुनी सवय होती; घरच्या पत्रातसुद्धा अवघड शब्द आला, की तो खाली त्याचं मूळ लिहायचा. त्याने खाली बारीक अक्षरात टीप लिहिली: मूळ अर्थ, घराचा धनी. पुढे, मोकळ्या माणसांना आपल्या घरच्या गुलामांसारखे वागवणारा.

वाचून बघितली. सुबक वाटली. ठरलेल्या ओळीखाली सही केली, शिक्का मारला आणि चहाला गेला.

देशाच्या प्रमुखांना घरधनी म्हणायला लागून तेव्हा सात वर्षं झाली होती. आधी सभेत कुणीतरी लाडाने म्हणालं, मग वर्तमानपत्रं म्हणू लागली, मग तो शब्द कायद्यातच आला. पोस्टाच्या पाकिटावर, दवाखान्याच्या भिंतीवर, बसच्या पाठीवर एकच ओळ होती: देश हे एकच घर. आणि घराचा मान राखण्याचा एक कायदा होता. त्यात सात वर्षांची शिक्षा होती. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज डोळ्यांपुढे असणारी भिंत जशी दिसेनाशी होते, तसं ते झालं होतं.

मग एक दिवस त्याला खाली बोलावणं आलं. भाषांतर सिद्ध करायला भाषांतरकाराने कोर्टापुढे यावं.

पाच नंबरच्या खोलीत पंखा घरघरत होता. न्यायाधीश जाडसर, थकलेले, सारखे कपाळ चोळणारे. सरकारी वकील टापटीप. आरोपीला नेमून दिलेला वकील तिसऱ्या कुठल्याशा खटल्याचे कागद चाळत बसलेला. आणि पिंजऱ्यात एक म्हातारी बाई उभी होती. केस विरळ, अंगावर स्वच्छ पातळ, हात कठड्यावर. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून खोलीकडे बघत होती, जशी लांबच्या फळ्याकडे बघावी.

त्याने तिला ओळखलं. माणूस म्हातारा होतो, पण उभं राहण्याची ढब म्हातारी होत नाही.

सरकारी वकिलांनी कागद उचलला. "आरोपी निवृत्त शिक्षिका. घरी शिकवणी घेते. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी वही पोलिसांत दिली. वहीत काय आहे, ते अधिकृत भाषांतरातून वाचतो." आणि त्यांनी वाचलं. "मूळ अर्थ, घराचा धनी. पुढे, मोकळ्या माणसांना आपल्या घरच्या गुलामांसारखे वागवणारा." कागद खाली ठेवला. "आता आपले घरधनी कोण, हे मी कोर्टाला सांगायला नको. आणि समासात घराचं चित्र आहे. अजून काय हवं?"

न्यायाधीशांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकवलंत?"

म्हातारीने तोंड उघडलं, मिटलं. टीप ऐकताना ती जरा दचकली होती. परक्या गर्दीत आपल्या नावाने कुणी हाक मारावी तशी. मग ती हळूच म्हणाली, "हो. मी असंच शिकवते."

खोलीत सुस्कारा पसरला. तिच्या वकिलाने पान उलटलं.

"भाषांतरकार," सरकारी वकील म्हणाले, "ही सही तुमची?"

"हो."

"भाषांतर शब्दशः व खरे आहे?"

समोर टेबलावर वही होती. लाखेचं सील लावलेल्या पिशवीत. कुणी ती उघडली नव्हती. कोर्टात इंग्रजी कागद चालत नसे, मग उघडून वाचणार कोण? त्यासाठीच तर त्याला पगार होता. पिंजऱ्यातल्या बारीक डोळ्यांनी आता त्याचा आवाज शोधायला सुरुवात केली होती.

"हो," तो म्हणाला.

आठ दिवसांनंतरची तारीख पडली.

घरी बायको औषधाच्या दुकानातून नुकतीच आली होती. ती हिशेबाने घड्या घालणारी बाई, कपड्यांच्या आणि बोलण्याच्याही. त्याने तिला सगळं सांगितलं. ती टॉवेलची घडी घालत ऐकत राहिली, आणि घडी घालून झाल्यावर तीच पुन्हा उलगडून परत घालू लागली.

"म्हणजे वहीत तसं काही नाहीच?"

"नाही. अर्थ आहे, चित्र आहे. कोशातला अर्थ लिहिणं हा काही गुन्हा नाही. तो कोश सरकारनेच छापलाय."

"आणि टीप तुमची."

"माझी."

"अहो, पण कशाला?"

माणूस लहानपणच्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ ऐकतो आणि दुसरी आपोआप ओठावर येते, तसं काहीसं. ते त्याने सांगायचा प्रयत्न केला. तिने अर्ध्यात थांबवलं.

"तुम्ही उद्या जाऊन सांगितलंत, तर तुमचं काय करतील?"

"शपथेवर खोटं भाषांतर. नोकरी तर गेलीच. वर तोच कायदा माझ्यावर. मजकूर माझा आहे ना."

"आपल्या पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे," ती म्हणाली. "वसतिगृहात आडनाव बघून खोली रिकामी करायला सांगतात, माहीत आहे ना? आमच्या दुकानातल्या बाईच्या भाच्याचं तसंच झालं."

"माहीत आहे."

"मग गप्प बसा. मी वाईट बाई आहे असं समजा हवं तर." टॉवेल कपाटात गेला. ती पाठ करून उभी राहिली. "एक विचारू? ते चित्र बघून तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, वही कुठल्या घरातून आलीय ते?"

त्याने बोटावरचा शाईचा डाग चोळला.

"माझ्याशी तरी खरं बोला," ती म्हणाली.

"पट्टी होती नावावर," तो म्हणाला.

"नावावर होती."

त्या आठवड्यात घरात भांड्यांचा आवाजसुद्धा जपून होत होता.

शाखेत काजळराव मात्र एक दिवस स्वतःहून त्याच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "पाच नंबरचा निकाल तारखेलाच देणार म्हणतात. त्याआधी भाषांतर भर कोर्टात मोठ्याने वाचून नोंदवतात. तुम्हालाच वाचायचंय. घसा चांगला ठेवा."

"काजळराव, तुम्ही नावं खोडता तेव्हा वाचता का हो?"

"वाचल्याशिवाय खोडणार कशी?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "माझी मोठी बहीण शिकलीय त्यांच्या हाताखाली. मी तुमच्याकडे आणतानाच ओळखलं होतं. म्हटलं, साधी वही आहे, तुमच्या हातून साधीच जाईल." ते थोडं थांबले. "तशी गेली नाही का?"

काजळरावांनी उत्तराची वाट पाहिली नाही. गेले.

तारखेच्या सकाळी तो लवकर पोचला. पाच नंबरबाहेरच्या बाकावर बाई बसल्या होत्या, शेजारी एक जाडजूड महिला पोलीस. त्याला बघून पोलीसबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नातेवाईक?"

"विद्यार्थी," तो म्हणाला.

"दोन मिनिटं. मी इकडे बघत नाही."

तो बाकाच्या कडेला टेकला. बाईंनी मान वळवून, डोळे बारीक करून बघितलं. मग हात पुढे करून त्याच्या बाहीचं कापड चाचपलं.

"टिपकागद ना रे तू?"

"हो, बाई."

"आवाजावरून वाटलंच. चष्मा काढून घेतला मेल्यांनी. म्हणे काच आहे, काही करून घेशील. आता सगळी अक्षरं धुक्यात. चाळीस दिवस एक ओळ वाचलेली नाही मी." त्या हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. "टीप तुझीच."

"बाई, मला—"

"त्या पोरीला मी अजून मूळ सांगितलंच नव्हतं. नुसता अर्थ लिहायला दिला आणि घर काढून ठेवायला सांगितलं. म्हटलं मंगळवारी सांगेन. सोमवारीच आले न्यायला."

"मग तुम्ही हो कशाला म्हणालात?"

"काय म्हणायचं होतं? की असं नाहीये? मी शिकवत नाही असं?" बाईंना खरोखरच नवल वाटलं. "चुकीचं काय होतं त्यात? नीट लिहिलीयस. फक्त वागवणारा लिहिलंस तिथे समजणारा हवं होतं. आधी समजतो, मग वागवतो. वर्गात मी असंच सांगितलं होतं की नाही?"

"तुम्ही सुटला असतात, नाही म्हणाला असतात तर."

"मग त्यांनी विचारलं असतं, हे लिहिलं कुणी?" बाई बाहीवरचा हात काढून मांडीवर ठेवत म्हणाल्या. "टीप ऐकली तेव्हाच कळलं, माझ्याच वर्गातल्या कुणाची तरी आहे. आपल्या पोराचं नाव कोण घेईल रे तसं."

पोलीसबाई खाकरली. आतून पुकारा झाला.

"बाई, मी काय करू?"

त्यांनी आधाराशिवाय उठायचा प्रयत्न केला, पोलीसबाईने दंडाला धरलं. "बोल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "गप्प बस असंही म्हणणार नाही. एवढा मोठा झालास, आता उत्तरं का मी सांगू?"

आत तोच पंखा, तीच घरघर. आधी कारकुनाने बाईंचा जबाब पुढे केला. मागच्या तारखेला त्या म्हणाल्या होत्या ते टंकलेलं होतं, सही तेवढी बाकी होती. बाईंनी कागद नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"सही करा," कारकून म्हणाला.

"काय लिहिलंय ते दिसत नाही हो."

"तुम्ही बोललात तेच आहे."

"असेल. पण वाचल्याशिवाय सही करू नये, असं मी मुलांना सांगत आलेय."

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी कपाळ चोळलं. "बोटाने जागा दाखवा त्यांना." कारकुनाने बाईंचं बोट धरून कागदावर टेकवलं, अंगठा उठवून घेताना धरतात तसं. बाईंनी त्या आंधळ्या जागी सही केली. आयुष्यभर जिच्या बोटामागून इतकी पोरं ओळीओळीने चालत गेली, तिचं बोट दुसऱ्याच्या मुठीत होतं.

त्याच्या अंगात काहीतरी तुटल्यासारखं झालं. आवाज न होता. दोऱ्याचा शेवटचा पीळ सुटावा तसं.

"भाषांतरकारांनी नोंदीसाठी वाचावं," न्यायाधीश म्हणाले.

तो उभा राहिला. कागद हातात घेतला. त्याची बायको शेवटच्या बाकावर बसलेली त्याला दिसली. येणार नाही म्हणाली होती. दुकानाचा पांढरा डगला अंगावर तसाच. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती.

त्याने पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. शब्द, अर्थ. शब्द, अर्थ. साधी वही साध्या माणसासारखी पुढे चालत राहिली. धीर, म्हणजे संकटात न डगमगणे. धूळ, म्हणजे मातीचे बारीक कण. सरकारी वकिलांनी जांभई दाबली. तेरावं पान संपलं.

चौदाव्या पानावर तो आला. शब्द वाचला. अर्थ वाचला. समासात चित्र आहे, घर, असं वाचलं. आणि थांबला.

"पुढे," न्यायाधीश म्हणाले.

"पुढे नाही, साहेब."

"म्हणजे? तुमच्या हातातल्या कागदावर एक ओळ दिसतेय मला इथून."

"माझ्या कागदावर आहे. वहीत नाही. सील फोडून बघा, वहीत चौदाव्या पानावर एवढंच आहे, एक शब्द, एक अर्थ आणि घराचं चित्र."

खोलीत पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. सरकारी वकील अर्धवट उठले. बाईंच्या वकिलाने पहिल्यांदाच मान वर केली.

"मागच्या तारखेला तुम्ही शपथेवर शब्दशः व खरे म्हणालात," न्यायाधीश सावकाश म्हणाले. "विचार करून बोला. ही ओळ मग कुठून आली?"

पिंजऱ्यातून बाई डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेने बघत होत्या. शेवटच्या बाकावर रुमालाची घडी थांबली होती.

"मी लिहिली," तो म्हणाला. "या बाईंनी त्या मुलीला हे शिकवलेलं नाही. मला शिकवलं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी, तेव्हा आपल्याकडे घरधनी कुणालाच म्हणत नव्हते. चित्र बघितलं तेव्हाच मला कळलं होतं वही त्यांच्या घरातली आहे. नावावर पट्टी होती, पण मला कळलं होतं. कळूनही मी लिहिली, कारण ते खरं होतं, आणि वाचणार कोण याचा मी विचार केला नाही. त्यानंतर इथे उभा राहून हो म्हणालो. ते खोटं होतं. ती टीप माझी आहे, साहेब. माझ्या नावावर लिहा."